कुष्ठरोगाच्या जंतूचं गुणसूत्र विस्कटलं कसं? आणि त्याच खुणांवरून तो पकडला कसा जातो?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे जास्त रुग्ण सापडणारे जिल्हे. त्यामुळे चिमूर तालुक्यातल्या गावांत आशाताई दारात येतात, "अंगावर कुठं चट्टा आहे का? तिथं हात लावलेला समजतो का?" असं विचारतात, यात कुणाला नवल वाटत नाही. शेजारच्या वरोरा तालुक्यात बाबा आमटेंचं आनंदवन आहे, पलीकडे वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आहे. म्हणजे आजार आपल्या भागाच्या चांगलाच ओळखीचा.

पण ज्या जंतूमुळे हा आजार होतो, त्याच्या आत डोकावलं तर एक अजब गोष्ट दिसते. त्याचं गुणसूत्र म्हणजे एखादं जुनं पुस्तक कुणीतरी फाडून, पानं उलटसुलट लावून पुन्हा शिवल्यासारखं आहे. अर्ध्याहून जास्त मजकूर निकामी, आणि तरीही हा जंतू हजारो वर्षं माणसाला छळतोय.

या लेखात आपण तीन गोष्टी समजून घेऊया: जंतूंच्या गुणसूत्रातले तुकडे इकडचे तिकडे होतात कसे, कुष्ठरोगाच्या जंतूत नेमकं काय झालं, आणि या सगळ्याचा चट्टा तपासून घेणाऱ्या माणसाशी काय संबंध.

आधी थोडं बेसिक: जंतूचं गुणसूत्र म्हणजे काय?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. जंतूचं काम सहसा एकाच गुणसूत्रावर भागतं, आणि बहुतेक जंतूंत ते गोल असतं, माळेसारखं. या माळेत डीएनएची चार अक्षरं लाखो वेळा ओवलेली असतात. अक्षरांच्या ठरावीक पट्ट्याला जनुक म्हणायचं. एक जनुक म्हणजे साधारणपणे एक प्रथिन बनवायची कृती.

जंतूचे दोन जंतू होताना या माळेची नक्कल काढावी लागते. नक्कल एका ठरलेल्या जागेवरून सुरू होते, दोन्ही बाजूंनी पुढे सरकते आणि साधारण समोरच्या टोकाला येऊन मिळते. म्हणजे कोणतं जनुक कुठं बसलंय यालाही महत्त्व आहे. सुरुवातीच्या जागेजवळच्या जनुकाची नक्कल आधी निघते, त्यामुळे वेगानं वाढणाऱ्या जंतूत त्याच्या प्रती काही काळ जास्त असतात.

एखादं अक्षर बदलणं हा छोटा बदल. मोबाइलवर टाइप करताना एक अक्षर चुकावं तसा. आज आपण बोलतोय ते मोठ्या बदलाबद्दल, म्हणजे अख्खा परिच्छेद उचलून दुसरीकडे जाणं, उलटा बसणं किंवा गळून पडणं.

तुकडे इकडचे तिकडे का होतात? उत्तर आहे ध्रुवपदात

चिमूरच्या माणसाला तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची ओळख करून द्यायला नको. आता एक भजन डोळ्यासमोर आणा. पाच कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुवपद येतं. गाणारा वही न बघता गातोय. दुसरं कडवं झालं, ध्रुवपद झालं, आणि तो थेट चौथ्या कडव्यावर गेला. तिसरं गायब! का? कारण दुसऱ्यानंतरचं ध्रुवपद आणि तिसऱ्यानंतरचं ध्रुवपद अगदी सारखं आहे. ध्रुवपदावर उभं राहून आपण नक्की कुठं आहोत हे कळत नाही. कधी उलटंही होतं, तेच कडवं दोनदा गायलं जातं.

जंतूच्या गुणसूत्रातही अशी "ध्रुवपदं" असतात, म्हणजे एकसारखी अक्षरं असलेले आणि जागोजागी पुन्हा पुन्हा येणारे पट्टे. डीएनए तुटला की पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा सारख्याशी सारखं जुळवून तो सांधते. एकाच पट्ट्याच्या दहा-वीस प्रती असतील, तर ती कधीतरी चुकीच्या प्रतीशी जोड लावते.

जोड चुकली की काय होतं ते बघायला एक गोल माळ घ्या. त्यात लांब अंतरावर दोन लाल मणी आहेत आणि प्रत्येक मण्यावर बाणाची खूण आहे. ते दोन मणी एकमेकांवर आणले की माळेचा इंग्रजी आठसारखा आकार होतो. तिथं कापून आडवी जोड लावली तर:

- बाण एकाच दिशेला असतील तर एका माळेच्या दोन माळा होतात. छोट्या माळेत नक्कल सुरू करायची जागा नसेल तर ती पुढच्या पिढीत टिकत नाही. म्हणजे तेवढी जनुकं गेली.
- बाण विरुद्ध दिशेला असतील तर माळ एकच राहते, पण मधला भाग उलटा बसतो. काही गळत नाही, फक्त क्रम आणि दिशा बदलते.
- नक्कल निघताना दोन प्रतींत चुकीची जोड लागली तर मधला भाग दोनदा येतो.

काही पट्टे तर स्वतःच जागा बदलतात. त्यांच्यात उडी मारायला लागणारं प्रथिन बनवायची कृती असते. असा पट्टा एखाद्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसला की ते जनुक बंद पडतं. आणि जितक्या उड्या, तितकी नवी "ध्रुवपदं" तयार होतात, म्हणजे चुकीच्या जोडीची शक्यता आणखी वाढते.

मग असे बदल रोजच का दिसत नाहीत?

कारण बहुतेक बदल जंतूलाच महागात पडतात. माळेची एक बाजू खूप लांब आणि दुसरी आखूड झाली, तर नक्कल काढायला जास्त वेळ लागतो. असा जंतू शर्यतीत मागे पडतो आणि त्याची ओळ संपते. म्हणून जे बदल टिकलेले दिसतात, त्यांत नक्कल सुरू होण्याच्या किंवा संपण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना समतोल राखून उलटलेले भाग बरेच असतात.

पण शर्यतच नसेल तर? एखादा जंतू दुसऱ्याच्या पेशीत आरामात राहत असेल, एका शरीरातून दुसऱ्यात थोडेच जंतू जात असतील, तर सदोष गुणसूत्रही चालून जातं. गावात एकच दुकान असलं की माल कसाही चालतो, तसंच. कुष्ठरोगाच्या जंतूची गोष्ट इथंच सुरू होते.

न वाढणारा जंतू

नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू पाहिला. त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. माणसाच्या आजाराशी जोडल्या गेलेल्या सगळ्यात पहिल्या जिवाणूंपैकी हा एक. पण आजतागायत कुणालाही तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. बाबा आमटेंच्या चरित्रात एक हकिकत येते: कोलकात्यात कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. जंतू वाढले नाहीत.

पुढे १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या पायाच्या तळव्यात थोडाफार वाढवून दाखवला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवलेदार प्राण्यात तो भरपूर वाढतो हे कळलं, कारण त्या प्राण्याचं शरीर माणसापेक्षा थंड असतं. तिथंही वेग गोगलगाईचा. एका जंतूचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. दुधाचं दही लावणारे जंतू रात्रीत लाखोंनी वाढतात, त्याच्याशी तुलना करून बघा.

हा इतका लाडावलेला का, याचं उत्तर फेब्रुवारी २००१ मध्ये मिळालं. स्टुअर्ट कोल यांच्या नेतृत्वाखाली पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट आणि इंग्लंडचं सँगर सेंटर यांनी या जंतूचं अख्खं गुणसूत्र वाचून जाहीर केलं. वाचलेला वाण होता "टीएन", म्हणजे तामिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेला. डीएनए पुरेसा मिळावा म्हणून तो आर्माडिलोत वाढवला होता.

गुणसूत्रात काय सापडलं?

तुलनेला होता त्याचा चुलतभाऊ, क्षयाचा म्हणजे टीबीचा जंतू. त्याचं गुणसूत्र १९९८ मध्ये वाचून झालं होतं.

- लांबी: टीबीचा जंतू सुमारे ४४ लाख अक्षरं, कुष्ठरोगाचा सुमारे ३२ लाख ६८ हजार.
- चालू जनुकं: टीबीच्या जंतूत सुमारे ४,०००, कुष्ठरोगाच्या जंतूत सुमारे १,६००.
- निकामी जनुकं: कुष्ठरोगाच्या जंतूत १,१०० हून जास्त. म्हणजे जनुकाची जागा ओळखू येते, पण मजकूर इतका बिघडलाय की त्यातून काही बनत नाही. टीबीच्या जंतूत अशी अगदी मोजकी.

खाल्लेल्या पदार्थातून ऊर्जा काढायची कितीतरी यंत्रं या जंतूनं गमावली आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं चूल, पाटा, जातं सगळं विकून मेस लावावी, तसा हा माणसाच्या पेशीवर अवलंबून राहिला. बशीत न वाढण्यामागचं मोठं कारण हेच समजलं जातं.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. दोन्ही जंतूंचे नकाशे शेजारी ठेवले तर जनुकांचे शेजार ओळखू येतात. अमुक जनुकाशेजारी तमुक, हे दोघांत सारखं. पण हा सारखेपणा सलग नाही. कुष्ठरोगाच्या जंतूचं गुणसूत्र अशा सुमारे ६५ तुकड्यांत विभागलेलं दिसतं. प्रत्येक तुकड्याच्या आत क्रम जुळतो, पण तुकड्यांचा आपसातला क्रम वेगळा, आणि कित्येक तुकडे उलट्या दिशेनं बसलेले. अर्थात टीबीचा जंतू हा कुष्ठरोगाच्या जंतूचा बाप नव्हे. दोघांचा पूर्वज एक आणि दोघेही आपापल्या वाटेनं बदलले, पण कुष्ठरोगाच्या जंतूनं जरा जास्तच उलथापालथ केली.

आणि तुकड्यांच्या शिवणीवर काय आढळलं? ध्रुवपदं! बऱ्याच शिवणींवर एकसारखे पट्टे किंवा प्रथिन बनवायच्या कामात मदत करणारी, एकमेकांशी साधर्म्य असलेली छोटी जनुकं होती. या पट्ट्यांची चार कुटुंबं मुख्य आहेत:

- आरएलईपी: ३७ प्रती
- रेपलेप: १५ प्रती
- लेपरेप: ८ प्रती
- लेपआरपीटी: ५ प्रती

सगळे मिळून गुणसूत्राचा फक्त २ टक्क्यांच्या आसपासचा भाग. पण मोडतोड करायला तेवढा पुरला.

मग हा जंतू अजूनही बदलतोय का?

इथं गोष्ट उलटी फिरते. इतकी मोडतोड बघून वाटेल की प्रत्येक रुग्णात वेगळाच जंतू सापडत असेल. प्रत्यक्षात तसं अजिबात नाही. २००९ मध्ये भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका इथल्या चार वाणांची तुलना जाहीर झाली. चौघांची अक्षरं ९९.९९५ टक्के सारखी निघाली. फरकाच्या जागा किती? ३२ लाखांवर अक्षरांत फक्त २१५.

दुसरा पुरावाही आहे. २००८ मध्ये कुष्ठरोग घडवणारा दुसरा जंतू ओळखला गेला, मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस. त्याचं गुणसूत्र २०१५ मध्ये वाचलं गेलं, आणि मांडणी बरीचशी लेप्रीसारखीच दिसली. हे दोघे एकमेकांपासून वेगळे झाले ते सुमारे १ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वी, असा अंदाज आहे. म्हणजे मोठी उलथापालथ बहुतांशी त्याआधीच उरकली होती. वादळ जुनं आहे, आज आपण बघतोय ते पडलेलं घर.

हीच मोडतोड आपल्या उपयोगाची कशी?

आरएलईपीच्या ३७ प्रती आठवतात? चाचणी करणाऱ्यांसाठी ही लॉटरीच आहे.

कोविडच्या काळात पीसीआर हा शब्द घराघरात पोहोचला. पीसीआर म्हणजे डीएनएचा ठरावीक पट्टा शोधायचा आणि त्याच्या इतक्या नकला काढायच्या की तो मशीनला दिसावा. जंतूत तो पट्टा एकदाच असेल तर शोधायला एकच खूण मिळते. ३७ वेळा असेल तर एकाच जंतूत ३७ खुणा. जंतू थोडे असतानाही पकडले जायची शक्यता वाढते. आणि हा पट्टा नेहमीच्या इतर जंतूंत आढळत नाही. म्हणून कुष्ठरोगाच्या पीसीआरमध्ये आरएलईपी हे आवडतं लक्ष्य आहे.

हीच युक्ती इतरत्रही वापरतात:

- टीबी: टीबीच्या जंतूत आयएस६११० नावाचा उड्या मारणारा पट्टा असतो. त्याच्या दोन प्रतींमधला भाग गळून पडल्याची उदाहरणंही सापडतात. एक्सपर्ट अल्ट्रा ही टीबीची चाचणी याच पट्ट्याचा शोध घेते.
- डांग्या खोकला: या जंतूत आयएस४८१ च्या २०० हून जास्त प्रती आहेत, आणि चाचणी बहुतेकदा त्यावरच बेतलेली असते.
- प्लेग: १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या जंतूतही असे पट्टे भरपूर. त्याचं गुणसूत्र वाचताना एकाच वाढवलेल्या जंतुसमूहात काही भाग कुठं सुलटे तर कुठं उलटे सापडले. म्हणजे तिथं उलथापालथ अजून चालू आहे.
- विषमज्वर: टायफॉइडच्या जंतूत एकसारख्या जनुकांचे सात संच असतात. त्यांच्या आधारानं गुणसूत्राचे मोठे भाग जागा बदलतात, म्हणून वेगवेगळ्या रुग्णांतल्या जंतूंत मांडणी वेगळी मिळते.

पण पीसीआर म्हणजे शेवटचा शब्द नाही

पीसीआर डीएनए शोधतो, जंतू जिवंत आहे की मेलेला हे सांगत नाही. उपचारानंतर मेलेल्या जंतूंचा डीएनए काही काळ शरीरात राहतो, तेव्हाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. रुग्णाच्या घरातल्या धडधाकट माणसाच्या नाकातही हा डीएनए मिळू शकतो, आणि त्याला आजार कधीच होत नाही. उलट एक-दोनच चट्टे असलेल्या रुग्णात जंतू इतके कमी असतात की चाचणी निगेटिव्ह येते.

म्हणून आजही निदान मुख्यतः डॉक्टरच्या हातात आणि डोळ्यात आहे: संवेदना गेलेला फिकट किंवा लालसर चट्टा, जाड झालेली नस, आणि गरज पडली तर त्वचेच्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. ही सोय गावापासून फार लांब नाही, आणि पीसीआर अडलेल्या केससाठी आणि संशोधनासाठी.

औषधांचं काय?

डॅप्सोन हे एकच औषध देत राहिल्यामुळे त्याला न जुमानणारे जंतू १९६४ मध्ये नोंदवले गेले. म्हणून १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं रिफाम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन यांचा एकत्र वापर सुचवला, म्हणजे बहुविध औषधोपचार (एमडीटी). देशात हा उपचार सगळ्यात आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपला शेजारी वर्धा जिल्हा होता.

हा जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो मोठ्या उलथापालथीमुळे नव्हे, तर ठरावीक जनुकातली एखाद-दोन अक्षरं बदलल्यामुळे. तीन औषधांविरुद्ध तीन वेगवेगळे बदल एकाच जंतूत एकाच वेळी जुळून येणं फार अवघड. शिवाय इतर अनेक जंतूंसारखी शेजाऱ्याकडून प्रतिकाराची जनुकं उसनी घेण्याची सवय याच्यात दिसत नाही. त्यामुळे चाळीसहून जास्त वर्षांनंतरही हा उपचार चांगला चालतो. अट एकच, कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुणसूत्र इतकं मोडकं आहे, मग हा जंतू आपोआप संपणार नाही का?
नाही. त्यानं जे गमावलं ते माणसाच्या पेशीकडून मिळतं. जे उरलंय ते नसांच्या पेशींत राहायला पुरेसं आहे. तो संपेल तो रुग्ण लवकर शोधून उपचार केल्यानंच.

कुष्ठरोग आनुवंशिक आहे का?
नाही. या लेखातलं गुणसूत्र जंतूचं आहे, माणसाचं नव्हे. आई-वडिलांकडून हा आजार जन्मतः येत नाही. बराच काळ जवळ राहिल्यानं जंतू पसरू शकतो, पण बहुतेकांचं शरीर त्याला परतवून लावतं.

उपचार किती दिवस आणि खर्च किती?
चट्टे ५ पर्यंत असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता जवळपास संपते. त्याला घरापासून वेगळं काढायची गरज नाही.

चट्टा दुखत नाही, खाजत नाही, मग घाई कशाला?
न दुखणं हीच तर खूण आहे. जंतू हळू वाढतो, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला काही वर्षं जातात. तोवर नस आतून खराब होत असते. मेलेली नस औषधानं परत येत नाही, बोटं वाकडी होतात ती त्यामुळेच. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर हे टाळता येतं.

थोडक्यात

- एकसारख्या पट्ट्यांमुळे जंतूच्या गुणसूत्रातले भाग गळतात, उलटतात किंवा जागा बदलतात.
- कुष्ठरोगाच्या जंतूत ही उलथापालथ फार पूर्वी झाली. आज तो जगभर जवळजवळ एकसारखाच आहे.
- ज्या पट्ट्यांनी त्याची मोडतोड केली, त्यातलाच आरएलईपी आज त्याला पकडायची खूण आहे.
- तरीही पहिली चाचणी मशीनमध्ये नाही, तुमच्या अंगावर आहे. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श समजत नसेल, तर आशाताईंना सांगा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही, तेव्हा घरातल्या माणसांनी एकमेकांची पाठही बघून घ्या.